क्रेटा/सेल्टोस: लेन असिस्ट बंद केलं तरी घाटात स्टिअरिंग ओढतं, का?

घाटवाट:
ताम्हिणीत खड्डा चुकवायला स्टिअरिंग वळवलं की गाडी उलटी ओढ देते. बटण दाबून धरून लेन सेफ्टी (गाडी लेनबाहेर जाऊ लागली की आत ओढणारी सोय) बंद केलीय, तरी तेच. शिवाय पुढे दुचाकी घुसली की कर्कश अलार्म. बंपरमागचा रडारचा कनेक्टर काढला तर कायमचं सुटेल का?

पाना_१३:
कनेक्टरला हात लावू नका. अडॅप्टिव्ह क्रूझही (पुढच्या गाडीपासून अंतर राखत वेग सांभाळणारं) त्याच रडारवर चालतं. तेही जाईल आणि क्लस्टरवर (स्टिअरिंगमागच्या मीटरवर) वॉर्निंग बसेल. रडारचं ब्रॅकेट जरा हललं तरी कॅलिब्रेशन, म्हणजे रडारची दिशा पुन्हा जुळवणं, करावं लागतं.

आता ओढीचं. लेन कीप, म्हणजे तुमची लेन सेफ्टी, साधारण ताशी ६० किमीच्या वरच काम करतं, ताम्हिणीच्या वळणांवर तेवढा वेग कुठला? ओढतंय ते लेन फॉलोइंग, गाडी सतत लेनच्या मधोमध ठेवणारं. त्याचं स्टिअरिंगच्या आकाराचं हिरवं चिन्ह क्लस्टरवर दिसेल. बटण एकच आहे: दाबून धरलं की लेन कीप, नुसतं टिचकीसारखं दाबलं की लेन फॉलोइंग. तुम्ही पहिलं बंद केलंत, दुसरं चालूच राहिलं.

बाकी हायवेवर लेन बदलताना ओढ लागत असेल तर आधी इंडिकेटर द्या, सिस्टम आपोआप गप्प बसते.

रेडियम:
अलार्मसाठी फॉरवर्ड सेफ्टी, म्हणजे पुढे धडक होतेय वाटलं की इशारा देऊन आपोआप ब्रेक लावणारी सोय, बंद करायची गरज नाही. सेटिंग्ज, व्हेइकल, ड्रायव्हर असिस्टन्समध्ये वॉर्निंग टायमिंग 'लेट' करा, तिथेच आवाजही कमी होतो. फॉरवर्ड सेफ्टी 'ऑफ' केलीत तरी गाडी पुन्हा सुरू केल्यावर ती चालू होते, मुद्दाम तशी ठेवलीय. पुढे जादा क्रॅश गार्ड लावला असेल तर तो आधी काढा. रडार झाकतो, आणि तो बेकायदाही आहे.

पाना_१३:
एक राहिलं. कोकणातल्या लाल चिखलाच्या चढावर चाकं फिरली की ट्रॅक्शन कंट्रोल ताकद कापतं, गाडीचा जोर मोडतो. तिथे ईएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) ऑफचं बटण एकदाच दाबा, फक्त ट्रॅक्शन बंद होतं. तीन सेकंदांहून जास्त दाबून धरलंत तर ईएससी पूर्ण जातं आणि सोबत पुढची ऑटो ब्रेकिंगही. डांबर लागलं की लगेच परत चालू करा.

घाटवाट:
टिचकी मारली, हिरवं चिन्ह गेलं. ओढ थांबली. कनेक्टर जागच्या जागी.