आईला घेऊन मुंबईला जायलेय, फसवणूक आणि चोऱ्यांपासून कसं जपायचं?

खानापूरची_लेक :
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आईला तपासणीसाठी परळला टाटा हॉस्पिटलला न्यायचं आहे. आई ६८ वर्षांची, गुडघे धरलेले, ऐकायलाही थोडं कमी येतं. भाऊ फौजेत, त्याला सुट्टी नाही. बाबा म्हशी सोडून यायला तयार नाहीत. म्हणजे आम्ही दोघीच. बेळगावहून रात्रीची स्लीपर बस, सकाळी मुंबईत. मी एकदाच मुंबई बघितलेय, शाळेच्या सहलीला, आणि राणीच्या बागेतला पाणघोडा सोडला तर काही आठवत नाही.

गल्लीत कळल्यापासून रोज एकजण येऊन घाबरवून जायलाय. मामा म्हणतात पैसे मोज्यात ठेव. शेजारची काकू म्हणते टॅक्सीत बसूच नको, फिरवून फिरवून हजार घेतात. चुलतभाऊ म्हणतो सगळं फोनवर दे, रोख नेऊच नको. मग फोनच गेला तर काय करायचं? आणि आई म्हणते, मंगळसूत्र काढणार नाही म्हणजे नाही. यातलं खरं किती आणि पिक्चरमधलं किती, तेवढं सांगा की.

अनगोळ_ते_अंधेरी :
ताई, सोळा वर्षं झाली इथं राहून. माझा एक फोन गेला आणि एक पाकीट. दोन्ही वेळा चूक माझी होती.

बस चेंबूर, सायन करत दादरला येते. सायनला उतरलात तर तिथं रिक्षावालेही दिसतील. एखादा म्हणेल, "परळ ना? बसा." बसू नका. सायन आणि वांद्र्याच्या पुढं शहरात रिक्षाला परवानगीच नाही. तो मध्येच कुठं तरी उतरवणार आणि पुढं परत टॅक्सी करावी लागणार. सरळ काळीपिवळी धरा. बसायच्या आधी "मीटर टाका" म्हणायचं, भाडं विचारायचंच नाही. भाडं विचारलंत की नवखे आहात हे त्याला कळतं. फेब्रुवारी २०२५ पासून टॅक्सीचे पहिल्या दीड किलोमीटरचे ३१ रुपये आहेत आणि रिक्षाचे २६. रात्री बारा ते पहाटे पाचपर्यंत पाव पट जास्त. सायनहून परळ म्हणजे शंभर-दीडशेच्या घरात यायला पाहिजे. काकूचे हजार विसरा. मीटर टाकायला नको म्हणाला तर दुसरी टॅक्सी. मागं रांगच असते.

लोकलनं जायचं असेल तर सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाचनंतर आईंना घेऊन चढूच नका. चोरापेक्षा गर्दीचीच भीती जास्त. परळला फक्त स्लो गाड्या थांबतात. दादरला फलाटांचे आकडे डिसेंबर २०२३ मध्ये बदलले, आता पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आणि मध्यचे ८ ते १४. जुन्या माणसाला विचारलं तर तो जुनाच नंबर सांगेल आणि तुम्ही पुलावर दोन चकरा माराल. दादरच्या त्या पुलावरच माझं पाकीट गेलं. मागच्या खिशात होतं, दुसरं काय होणार.

आणि दारात उभं राहून फोनवर बोलायचं नाही. गाडी सिग्नलला हळू झाली की रुळाकडेला उभा असलेला पोरगा हातावर काठी मारतो, फोन खाली पडतो, तो उचलून पळतो. इथं त्यांना फटका गँगच म्हणतात. खिडकीशी बसलात तरी फोन मांडीवर ठेवा.

निपाणीकर_काका :
पोरी, वरचं सगळं बरोबर आहे, पण मला लुबाडलं ते खिसा कापून नाही. ते सांगतो, वेळ असेल तर वाच.

माझ्या मेव्हण्याला घेऊन गेलो होतो. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, त्यांचा काही दोष नाही. गेटाबाहेर चहा घेत फोनवर घरी बोलत होतो, "होय की ओ, पोचलो की" असं. फोन ठेवला तोवर शेजारी चाळिशीतला माणूस. पांढरा शर्ट, खिशाला पेन. म्हणाला, "बेळगाव साईडचे काय ओ?" मी म्हटलं निपाणी. तो म्हणाला मी शिनोळीचा. आता शिनोळी म्हणजे आपल्या वेशीवरचं गाव, चंदगड तालुक्यातलं. मी जरा पारखलं. तर त्यानं फाट्यावरची हॉटेलं सांगितली, तुडयेचा रस्ता सांगितला, बेळगावात शनिवार खुटाजवळ शिकायला होतो म्हणाला. वर आपल्या बेळगावच्या मिठाईचं विचारलं, "कुंदा आणला नाही काय?" आणला होता, पाव्हण्यांसाठी. मला तर भरून आलं. परक्या गावात आपलं माणूस भेटलं.

मग हळूच म्हणाला, आज गर्दी बघितली काय, तुमचा नंबर परवा लागतोय. आत माझी ओळख आहे. फाईल द्या, अडीच हजार द्या, तासात नंबर लावून आणतो. मी दिले की ओ! फाईल तेवढी मेव्हण्यानं धरून ठेवली, देव त्याचं भलं करो. तो या गेटातून आत गेला आणि दुसऱ्या गेटातून कुठं गेला देव जाणे. कुंद्याचा डबापण घेऊन गेला, "आतल्या साहेबांना देतो" म्हणून.

मी बेंगळूरला तीस वेळा गेलोय. तिथं मॅजेस्टिकला उतरलो की माझा हात आपोआप खिशावर जातो, कारण भाषा माझी नाही, म्हणून मी सावध. मुंबईत कानावर आपलं "काय ओ" पडलं आणि माझा हात सुटला. तो शिनोळीचा होता की नव्हता, मला आजही माहीत नाही. होता असं वाटतंय, आणि तेच जास्त लागतंय.

शहापूरकर_विनायक :
काका, वाईट वाटलं. पण सगळ्या आपल्या माणसांवर काट मारू नका. माझ्या वडिलांच्या वेळी रात्री अकराला रक्त पाहिजे होतं, तेव्हा चंदगडकडच्याच दोन पोरांनी दिलं. लालबाग-परळच्या चाळीत आपल्याकडची माणसं गिरण्यांच्या काळापासून आहेत. नाव न सांगता गेली बिचारी.

मी एक बघितलंय. तुम्ही ज्याला जाऊन विचारता, तो बहुतेक सरळ असतो. दुकानदार, पोळीभाजीवाल्या मावशी, वॉचमन. जो आपणहून तुमच्याकडं चालत येतो, त्याला काय पाहिजे ते आधी बघायचं. रक्त देणारी पोरंसुद्धा आम्ही शोधत गेलो होतो.

राहायचं म्हणाल तर गेटाबाहेर "स्वस्तात खोली" म्हणणाऱ्यांच्या मागं जाऊ नका. हॉस्पिटलचाच सामाजिक सेवा विभाग आहे, तिथं पेशंटच्या माणसांसाठी धर्मशाळांची माहिती मिळते. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, कॅन्सरच्या पेशंटसाठी कित्येक वर्षं चालू आहे. मात्र जायच्या आधी फोनवर जागा विचारून घ्या.

गणपतगल्ली_मोबाईल :
फोनबद्दल मी सांगतो, धंदाच तो आहे. लोक चोरीनंतर येतात आणि म्हणतात, नंबर बंद केला, आता काय? तर आधीच हे करा.

*#०६# दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय नंबर येतो. कागदावर लिहून घरी ठेवा. फोन गेला तर पोलीस तक्रारीची प्रत आणि तो नंबर घेऊन संचार साथी पोर्टलवर फोन देशभर ब्लॉक करता येतो. दुसरं, सिमला पिन लावा. हे कोणी करत नाही. फोनला कुलूप असतं, पण चोर सिम काढून दुसऱ्या फोनात घालतो आणि तुमचे ओटीपी त्याला यायला लागतात. पण बदलताना जुना पिन तीनदा चुकला तर सिम अडकतं, म्हणून दुकानातून लावून घ्या. माझ्याच दुकानातून असं नाही.

यूपीआयला वेगळं खातं जोडा, त्यात प्रवासापुरते आठ-दहा हजार. मोठी रक्कम दुसऱ्या खात्यात, ज्याचं ॲप फोनवर नाही. आणि एवढं आईंनापण सांगून ठेवा : पैसे यायचे असतील तर पिन टाकावा लागत नाही. पिन फक्त पैसे जायला लागतो. "चुकून तुमच्या खात्यात पैसे आले, परत करा" म्हणणारा भेटला तर मेसेज दाखवतो त्यावर जाऊ नका, बँकेत शिल्लक बघा.

पैसे गेलेच तर लगेच १९३०. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच तासात. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवता आले तर येतात.

खानापूरची_लेक :
सगळ्यांना थँक्यू. मोजे रद्द, काकूचे हजार रद्द. रोख दोन ठिकाणी, थोडी आईकडं आणि थोडी माझ्याकडं, बरोबर ना? मंगळसूत्राचं तेवढं राहिलं. आई ऐकेना झालेय.

टिळकवाडीची_आजी :
बाळ, आईला माझं सांग. मुंबईपर्यंत जायला नको, ते इथं बेळगावातच झालंय. दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ सकाळी फिरायला जाताना माझ्या मैत्रिणीला दोघांनी अडवलं. "आजी, आम्ही पोलीस. पुढं चोरी झालेय, अंगावर सोनं घालून कशाला फिरता, काढा, कागदात बांधून देतो." बांधूनपण दिलं. घरी येऊन पुडी सोडली तर दोन खडे. गणवेशातला पोलीस असो नाहीतर साध्या कपड्यातला, रस्त्यात कोणाचं सोनं काढून पुडी बांधून देत नाही. तसं कोणी म्हणालं की जवळच्या दुकानात शिरायचं आणि मोठ्यानं बोलायचं.

मी प्रवासात काळ्या मण्यांची साधी पोत घालते. दोन सोन्याच्या वाट्या असतात त्यातच, सौभाग्य काही कमी होत नाही. तपासणीच्या वेळी सगळं काढायलाच लावतात. मग ते कोणाच्या हातात देणार? तूच आत असशील तिच्यासोबत.

बेंगळूरवासी_चिकोडीकर :
धागा मुंबईचा आहे, तरी काका मॅजेस्टिक म्हणाले म्हणून दोन ओळी, बेंगळूरच्या किडवाई कॅन्सर हॉस्पिटलला जाणाऱ्यांसाठी. पहाटे बसमधून उतरल्यावर जो हात धरून बॅग घेतो त्याच्या रिक्षात बसू नका. स्टेशनला प्रीपेड काउंटर आहे, किंवा ॲपवरून बोलवा. सरकारी दर ऑगस्ट २०२५ पासून पहिल्या दोन किलोमीटरला ३६, पुढं किलोमीटरला १८. रात्री दहा ते पहाटे पाच दीडपट, तेवढं खरंच द्यावं लागतं. "मीटर हाकी" (मीटर टाका) आणि "बेडा" (नको) हे दोन शब्द येत असतील तर निम्मं काम झालं. बाकी मेट्रोनं जावा.

निवृत्त_कारकून :
एक कामाची गोष्ट राहिली. काही झालंच तर "हद्द आमची नाही" असं ऐकून परत येऊ नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ मध्ये, गुन्हा कुठंही घडला तरी कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, ते पुढं पाठवतात. मुंबईत घडलेलं खानापुरात येऊनसुद्धा नोंदवता येतं. रेल्वेत असाल तर १३९. बाकी कशालाही ११२.

खानापूरची_लेक :
आलो परत, परवा. रिपोर्ट तसे ठीक आहेत, तीन महिन्यांनी परत बोलवलंय. टॅक्सीचे १३० झाले. पोत घातली होती, आजींचं नाव सांगितल्यावर आई तयार झाली.

काका, हे तुमच्यासाठी. दुसऱ्या दिवशी गेटाजवळ मी पाण्याची बाटली आणायला गेले, आई एकटी बाकावर. येऊन बघते तर एक गृहस्थ आईजवळ वाकून, "मावशी, बेळगावकडच्या वाटतंय तुम्ही, मीपण तिकडचाच, कुठल्या गावच्या?" माझी आई म्हणजे बसच्या कंडक्टरशी "मराठीत बोल" म्हणून आयुष्यभर भांडलेली बाई. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि स्वच्छ कन्नडमध्ये म्हणाली, "गोत्तिल्ला. होगप्पा, होग!" म्हणजे, माहीत नाही, जा बाबा, जा!

तो दोन पावलं मागं सरला आणि शेजारच्या बाकावरच्या जोडप्याकडं गेला. मी जाऊन त्यांना सावध करून आले. ती माणसं गडहिंग्लजची निघाली.

निपाणीकर_काका :
आईला माझा नमस्कार सांग. आणि कुंदा?

खानापूरची_लेक :
पूर्ण डबा परत आणला, काका. गाडीत आम्हीच संपवला.