एच-४ वरची मुलगी २१ ची होतेय, वकील कुठे शोधायचा?
ताई, तुम्ही लिहिलंत की लेक एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या जोडीदार-मुलांचा व्हिसा, मुलांना २१ पर्यंतच) कॅलिफोर्नियात यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) शिकतेय, मार्चमध्ये २१ ची होईल आणि डीएसओ (कॉलेजातले परदेशी विद्यार्थ्यांचे अधिकारी) म्हणाले की एफ-१ साठी, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी, अर्ज करा. डीएसओ चांगलेच असतात हो, पण ते कॉलेजचे, त्यांना सेविसमध्ये (सरकारची परदेशी विद्यार्थ्यांची नोंद-प्रणाली) नोंदी कराव्या लागतात, ते काही तिचे वकील नव्हेत. जुना अर्ज नाकारलेला किंवा मध्ये स्टेटस सुटलेलं असं काही असेल तर आधी वकिलाशी बोला, तिथे बोललेलं गोपनीय राहतं.

यूसीच्या मुलांसाठी डेव्हिसच्या लॉ स्कूलमध्ये इमिग्रंट लीगल सर्व्हिसेस सेंटर आहे, मोफत, तिनेच विचारायला हवं. न्यूयॉर्कवाल्यांना क्यूनीची (सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्क) 'सिटिझनशिप नाऊ' ही इमिग्रेशन मदत आहे, १९९७ पासून. आणि डाकाच्या (लहानपणी आलेल्या, कागदपत्रं नसलेल्यांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण) नादी लागू नका, १५ जून २०१२ ला कायदेशीर स्टेटस असलेल्यांना ते लागूच होत नाही, आपली एच-४ ची मुलं तिथेच अडकतात, फार वाईट वाटतं.

अजून एक, तिचा आय-९४ (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येतं ती सरकारी नोंद) आजच उघडून बघा. माझ्या भाच्याचा पासपोर्ट संपत आला होता म्हणून विमानतळावर तेवढ्याच तारखेपर्यंतचा आय-९४ मिळाला, आय-७९७ वर (अर्ज मंजुरीचा कागद) मात्र पुढची तारीख, आणि घरात सगळे तोच कागद धरून बसलेले! वेळेत दिसलं म्हणून निभावलं.

पैसे भरण्याआधी समोरचा खरंच बारचा वकील आहे का तेवढं बघा, नुसते फॉर्म भरून देणारे 'कन्सल्टंट' नकोत.