मदत हवी आहे: गाणी लावून रेसिंग गेम खेळताना वेळेचा अंदाज इतका का चुकतो?

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय पण प्लीज पूर्ण वाचा, गेले तीन आठवडे मी यात अडकलेय.

मी कर्वेनगरला राहते, नोकरी हिंजवडीला, त्यामुळे खेळायला मिळतो तो रात्री जेवणं आटोपल्यावरचा तासभर. रेसिंग गेम, एकच ट्रॅक, एकच गाडी, लॅप टाइम, म्हणजे ट्रॅकची एक चक्कर पूर्ण करायला लागणारा वेळ, खाली आणत बसायचं. मध्यंतरी गेमचं म्युझिक बंद करून हेडफोनवर स्वतःची गाणी लावायला लागले आणि तेव्हापासून वाटतं अकरा वाजले असतील, बघते तर पावणेबारा. रोज. शेवटी म्हटलं मोजूनच बघू.

धाकट्या भावाला स्टॉपवॉच देऊन मागे बसवलं. घड्याळ काढून ठेवलं, स्क्रीनवरचा टायमर पुठ्ठा चिकटवून झाकला, आणि १० मिनिटं झाली असं वाटलं की मी "झाली" म्हणायचं. नुसत्या इंजिनच्या आवाजात ९ मिनिटं २० सेकंदांनी म्हटलं. आवडीची फास्ट गाणी लावल्यावर १३ मिनिटं ४५ सेकंदांनी! आणि आमच्या ढोल पथकाच्या सरावाचं रेकॉर्डिंग लावलं तेव्हा १० मिनिटं १० सेकंद. तीन-तीनदा केलं, आकडे थोडे पुढेमागे झाले पण क्रम तोच राहिला.

मी पथकात ताशा वाजवते, नदीपात्रातला सराव वर्षानुवर्षं चालूय, त्यामुळे पहिला हात (ठेक्याचा ठरलेला तुकडा) संपून दुसरा कधी सुरू होणार हे अंगातच बसलंय. म्हणजे मी नकळत त्यावरून वेळ मोजतेय का? की ओळखीचा ठेका असला की अंदाज खरंच सुधारतो?

आता लॅपचं. सगळ्यात फास्ट लॅप गाण्यांवरच लागला, पण ट्रॅकबाहेरही त्यातच जास्त वेळा गेले. एक कारण कळतंय, गाण्याखाली टायरची किंचाळी दबते, आणि पकड सुटायला लागलीय हे आधी तिच्यावरूनच कळतं, गिअर बदलायचा तोही मी इंजिनच्या आवाजावर बदलते. ढोलाच्या रेकॉर्डिंगवर वेगळंच झालं. तिसऱ्या वळणाआधी १०० ची पाटी (वळण १०० मीटरवर आहे हे सांगणारी) आहे, ब्रेक तिथे मारायचा, तर भावाने दाखवलं की मी पाटी बघतच नाहीये, ढोलावर टोल पडला की बोट दाबलं जातंय, कधी पाटीच्या आधी कधी नंतर. मला पत्ताच नव्हता!

संगीताने खेळणाऱ्याला घाई करायची युक्ती जुनीच आहे म्हणा. १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये शत्रू कमी होत जातात तसे मागे चाललेले चार सूर भरभर वाजतात, १९८५ च्या सुपर मारिओत वेळ १०० च्या खाली आला की गाणं धावायला लागतं. पण तिथे ठेका गेमच्या हातात असतो, माझी गाणी वळणांशी कुठेच जुळत नाहीत, मग त्यांचा इतका परिणाम का?

अजून एक शंका. वेळ विचारणार हे आधी माहीत असणं आणि खेळून झाल्यावर अचानक विचारणं, यात उत्तरं वेगळी येतात असं वाचलंय, कारण आधी माहीत असेल तर थोडं लक्ष वेळेकडेच राहतं, आणि गाण्यात-खेळात लक्ष गेलं की तेवढा वेळ मोजायचाच राहून जातो. माझं सगळं मोजमाप आधी माहीत असतानाचं आहे. शिवाय गाण्यांची फेरी मी प्रत्येक वेळी शेवटीच घेतली, तोपर्यंत हात बसलेला, म्हणजे तो फास्ट लॅप गाण्यामुळे की सरावामुळे हे कसं ठरवायचं?

कुणी असं पद्धतशीर करून बघितलंय का? फेऱ्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला तर चालेल का, शब्द नसलेलं संगीत वेगळं धरायचं का, आणि आवाज किती ठेवायचा म्हणजे टायर ऐकू येतील? शनिवार-रविवार परत मोजणार आहे, भाऊही तयार आहे, त्याच्या आत कुणी सांगितलं तर फार मदत होईल.