एड्रियन पायपरचं 'कॉर्नर्ड': मांडणशिल्प की नुसतं भाषण?

शिशिरा: शिकागोच्या समकालीन कला संग्रहालयाच्या संग्रहात अमेरिकन कलाकार पायपरचं हे काम आहे, १९८८ सालचं. कोपऱ्यात टीव्ही, त्याच्यापुढे आडवं पाडलेलं टेबल, मोर्चेबंदी केल्यासारखं. पडद्यावर निळ्या ड्रेसमधली, मोत्यांची माळ घातलेली पायपर, थेट वृत्तनिवेदिकेच्या थाटात. दिसते गोरी आणि सुरुवातच करते, "मी कृष्णवर्णीय आहे." भिंतीवर तिच्या वडिलांचे दोन जन्मदाखले. एकावर 'गोरा', दुसऱ्यावर 'ऑक्टरून', म्हणजे एक अष्टमांश काळा. माणूस तोच! वंश हा कारकुनाच्या लेखणीतून कसा उतरतो, हे याहून नेमकं कुणी दाखवल्याचं मला तरी आठवत नाही.

खवचट_काका: दाखले उत्तमच. पण मग बाई बोलतच सुटतात. तुमच्याही पूर्वजांत कुणीतरी काळं असणार, आता काय करणार, सांगा! प्रेक्षकाला असं आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं आणि त्याला कला म्हणायचं? कृष्णवर्णीय कलाकार बेटी सारचं १९७२ चं 'लिबरेशन ऑफ आँट जेमिमा' बघा. (आँट जेमिमा म्हणजे पॅनकेकच्या पिठाच्या जाहिरातीतली काळी मोलकरीण.) फूटभर उंचीची पेटी, मागे पॅनकेकच्या जाहिरातीतले हसरे चेहरे ओळीनं चिकटवलेले, पुढे मोलकरणीची बाहुली, एका हातात झाडू, दुसऱ्या हातात बंदूक. एक अक्षर बोलावं लागत नाही.

मेधा_क: काका, बाहुली बघून तुम्ही 'वा' म्हणता आणि पुढच्या दालनात जाता. पायपर तेच करू देत नाही. टेबल उलटं आहे ते उगाच नाही. तिथं समोरासमोर बसून समझोता करायची सोयच ठेवलेली नाही.

खवचट_काका: समझोता नको, निदान दम तरी घेऊ द्या की.

निनाद: 'एक अष्टमांश' वाचून होमर प्लेसी आठवला. न्यू ऑर्लिन्स, १८९२. तोही तेवढाच 'काळा'. रेल्वेत गोऱ्यांसाठी राखलेल्या डब्यात बसला तेव्हा आपला वंश त्याला स्वतःहून सांगावा लागला, नाहीतर कुणाला पत्ताही लागला नसता. (गोऱ्या-काळ्यांना वेगळे डबे ठेवणाऱ्या कायद्याला आव्हान द्यायचं आधीच ठरलं होतं.) १८९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं वेगळे डबे वैध ठरवले. डोळ्यांना न दिसणाऱ्या रंगावर अख्खी व्यवस्था उभी राहिली! पायपर बोलते ती त्यामुळेच. गप्प राहिली तर गोरीच धरली जाणार.

वैशाली_द: इथेच माझी अडचण आहे. बोलायचं की गप्प बसायचं, ही निवड तिला मिळते. सावळ्या बाईला कुठली मिळायला? शिवाय २०१२ मध्ये तिनं जाहीर केलं की कृष्णवर्णीय असण्यातून मी निवृत्त होतेय. हे कुणाला परवडतं?

मेधा_क: ती निवड फुकटची नव्हती हो. तिच्यासमोर लोक बिनधास्त काळ्यांवर विनोद करायचे, 'आपल्यातलीच' समजून. १९८६ पासून ती अशांच्या हातात छापील कार्ड ठेवायची: मी कृष्णवर्णीय आहे, आणि तुम्ही आत्ता जे बोललात ते मला कळलं.

निनाद: आडनाव लपवून राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्यांना अर्पण केली, ते काही उगाच नव्हे.

वैशाली_द: तुलना जपून करा. आडनाव लपवणारा उघडा पडला तर भाड्याची खोली जाते. पायपर स्वतःहून उघड होते आणि संग्रहालय तिला भिंत देतं.

शिशिरा: भिंत दिली, पण तिला ती इतरांच्या गर्दीतच हवी होती. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनातून तिनं आपलं काम काढून घेतलं, कारण ते फक्त कृष्णवर्णीय कलाकारांचं होतं. तिचं म्हणणं, वेगळी दालनं नकोत, आम्हाला इतरांच्या शेजारी लावा.

खवचट_काका: हे मात्र पटलं. तरी टीव्हीचा आवाज थोडा कमी केला असता तर चाललं असतं.