ब्राउझरमधल्या उड्यांच्या खेळात चौथ्या टप्प्यावर अडकले आहे, मदत हवी

कानामात्रा

मंडळी, हसायचं तर हसा, पण उत्तर द्या.

दिवाळीत भाचा आला होता. त्यानं माझ्या लॅपटॉपवर पार्कूरचा एक साधा खेळ ब्राउझरमध्येच उघडून दिला. डाउनलोड नाही, लॉगिन नाही. निळ्या आभाळात पांढरे ठोकळे तरंगत असतात, त्यांच्यावरून पळत, उड्या मारत शेवटच्या लाल ठोकळ्यापर्यंत जायचं. पडद्यावर माणूस दिसत नाही, सगळं आपल्याच डोळ्यांनी बघायचं. पडलात की टप्प्याच्या सुरुवातीला. भाचा गेला सांगलीला, खेळ राहिला माझ्या गळ्यात. वय वर्षे ४९, आणि रात्री भांडी आवरली की मी ठोकळ्यांवर.

तीन टप्पे झाले. चौथ्यात पळत येऊन उडी मारायची आणि हवेतच उजवीकडे वळायचं. माझ्या अडचणी अशा:

वळताच येत नाही. डावा हात डब्ल्यू (पुढं पळायची कळ), शिफ्ट आणि स्पेसवर, उजवं बोट टचपॅडवर. बोट घासून गुळगुळीत झालं तरी नजर समोरच गोठलेली. डब्ल्यू सोडलं की क्षणभरानं वळते, तोवर मी खाली गेलेली असते.

मध्येच टुँग असा आवाज होऊन 'स्टिकी कीज' अशी काहीतरी खिडकी उघडते.

तिसरं सगळ्यात विचित्र. दुपारी काम संपवून बसले की कधी कधी गडी जागचा हलतच नाही. स्पेसनं उडी मारतो, मान वळवतो, पण पुढं पाऊल टाकत नाही. पान पुन्हा लोड केलं तरी तेच. लॅपटॉप बंद करून चालू केला की सुरळीत. रात्री असं सहसा होत नाही.

आणि वीसेक मिनिटांत मळमळायला लागतं, घाटात एसटीच्या मागच्या बाकावर बसल्यासारखं.

लॅपटॉप सहा वर्षांचा, विंडोज १०. काम मराठी मुद्रितशोधनाचं, म्हणजे दिवसभर टायपिंग. भाच्याला विचारलं तर म्हणतो, "आत्या, तुझा हातच जड आहे."

वायरमन

ताई, हात जड नाही, टचपॅड शहाणा आहे. टाइप करताना तळहात लागून कर्सर इकडेतिकडे उडू नये म्हणून कळ दाबलेली असेपर्यंत आणि नंतरही क्षणभर तो स्पर्श मोजतच नाही. तुमच्या कामाला हे वरदान, खेळाला शाप. सेटिंग्ज, डिव्हायसेस, टचपॅड इथं जाऊन सेन्सिटिव्हिटी सर्वांत वरची ठेवून बघा. पण खरं सांगू का, वायरचा साधा माऊस आणा. टचपॅडवर हे खेळ खेळणं म्हणजे चमच्यानं विहीर खणणं.

माऊस आणलात की त्याच्या सेटिंगमधलं 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' बंद करा. ते चालू असलं की हात जोरात हलवल्यावर नजर जास्त फिरते आणि सावकाश हलवल्यावर कमी. मग किती हलवलं की किती वळतं याची सवय हाताला लागतच नाही.

स्टिकी कीजची खिडकी शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं की येते. त्या खिडकीतूनच तिचा शॉर्टकट बंद करता येतो. एकदा केलंत की कायमची कटकट गेली.

अर्धाकप

प्रतिसाद काढून टाकला आहे. (दुबार पडला होता.)

अर्धाकप

मळमळीबद्दल. डोळे सांगतात आपण पळतोय, कान सांगतात आपण खुर्चीत बसलोय, त्या भांडणात पोटाचं वाटोळं होतं. खेळाच्या सेटिंगमध्ये फील्ड ऑफ व्ह्यू (एका वेळी किती रुंद दिसतं ते) असेल तर ९० च्या आसपास न्या, पळताना मान हलण्याचा इफेक्ट असेल तर बंद करा. 'मिरर्स एज' नावाचा याच जातीचा मोठा खेळ २००८ मध्ये आला होता. त्यात पडद्याच्या मधोमध एक बारीक ठिपका होता, तो याचसाठी. तुमच्या खेळात ठिपका नसेल तर स्क्रीनच्या मध्यावर छोटी टिकली चिकटवा. चेष्टा नाही, मी बायकोच्या पाकिटातली लावली होती, बराच फरक पडला. (तिनं कारण विचारल्यावर सांगायला जड गेलं, ते वेगळं.)

गच्ची

तिसऱ्या अडचणीबद्दल एक प्रश्न. दुपारी काम संपतं तेव्हा कीबोर्ड मराठीतच राहतो का? आणि मराठी कुठल्या पद्धतीनं टाइप करता?

कानामात्रा

इन्स्क्रिप्ट, म्हणजे प्रत्येक कळेवर ठरलेलं देवनागरी अक्षर. राहत असेल, लक्ष कोण देतं? त्याचा काय संबंध?

गच्ची

तोच तर संबंध. कळ दाबली की ब्राउझर खेळाला दोन गोष्टी सांगतो: कुठली कळ दाबली आणि तिच्यातून कुठलं अक्षर निघालं. नीट लिहिलेला खेळ कळ बघतो. घाईत लिहिलेला अक्षर बघतो. तुमचा दुसऱ्या जातीचा दिसतोय. इन्स्क्रिप्टमध्ये डब्ल्यूवर दोन मात्रा आहेत, एसवर एक मात्रा. खेळ डब्ल्यूची वाट बघत बसलाय आणि तुम्ही त्याला मात्रा पाठवताय. स्पेस दोन्हीकडे स्पेसच, म्हणून उडी बसते. रीस्टार्ट केल्यावर तुमचा लॅपटॉप इंग्रजीत उघडत असणार, म्हणून चालतो. पुढच्या वेळी नुसतं विंडोज आणि स्पेस दाबून इंग्रजी करा आणि बघा.

वायरमन

मात्रा पाठवताय 😂 आयडीला जागलात ताई.

आणखी एक: कुठल्या टप्प्यावर कंट्रोलनं वाकायचं असेल तर जपून. कंट्रोल आणि डब्ल्यू एकत्र दाबलं की टॅबच बंद होतो आणि साधारणपणे खेळाला ते अडवता येत नाही. कंट्रोल, शिफ्ट, टीनं टॅब परत येतो, त्या टप्प्यातली मेहनत येईलच असं नाही.

गच्ची

आता ती उडी. नवीन माणूस कडेच्या हातभर आधीच उडी मारतो, कारण आपले पाय दिसत नाहीत. कड पडद्याच्या खालून पूर्ण नाहीशी होऊ द्या, मग स्पेस. बऱ्याच खेळांत कड सुटल्यावरही सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी सवलत असते. कार्टूनमधला कोल्ह्यासारखा प्राणी कड्यावरून पुढे हवेतच पळत राहतो ना, त्याच्यावरून तिला कोयोटी टाइम म्हणतात. तुमच्या खेळात आहे का ते पहिल्याच ठोकळ्यावर आजमावा, तिथं पडायचं दुःख नाही.

आणि वळण उडीनंतर सुरू करू नका. पळतानाच नजर पुढच्या ठोकळ्याकडे तिरकी ठेवा. हवेत फक्त उरलेलं वळायचं.

एक वाचक

कामधंदे नाहीत का लोकांना?

कानामात्रा

आहेत. २४० पानांचं पुस्तक तपासून झालं आज, तेही सगळ्या मात्रांसकट.

बाकीच्यांसाठी: कीबोर्डचं निदान अचूक निघालं. मुद्दाम मराठी करून बघितलं, गडी पुतळा. इंग्रजी केलं, पळाला. आठवड्यातून तीनदा मी त्यापायी लॅपटॉप रीस्टार्ट करत होते. शेजारच्या मुलाचा माऊस मागून आणला, टिकलीही लावली. कड दिसेनाशी होईपर्यंत थांबायला छातीत धडधडतं, पहिल्या दहा-बारा वेळा बोट आधीच पडलं. मग एकदा थांबले आणि अलगद पलीकडे उतरले. चौथा टप्पा पार! पाचवा त्याच झटक्यात गेला.

सहाव्यात ठोकळे डावी-उजवीकडे सरकतात. मी त्यावर उभी राहते, ठोकळा जातो आणि मी तिथंच हवेत राहून खाली पडते. ठोकळ्याबरोबर मीही डब्ल्यू-ए-डीनं चालत राहायचं असतं की काही सेटिंग आहे? भाच्याला विचारणार नाही.