अनुभव धागा: फिश टँकचं पाणी कसं सांभाळता?

शिंपला
आज लिफ्टमध्ये पाटी लागलीय, "उद्या गच्चीवरची टाकी धुणार". वाचलं आणि डोंबिवलीचं जुनं घर आठवलं. बाबांनी खिडकीखाली काचेची पेटी ठेवली होती, त्यात गोल्डफिश आणि एक काळा मॉली. टाकी धुतली की बाबा आधी बादलीला नाक लावायचे. ब्लीचिंग पावडरचा वास आला की ते पाणी मोरीत, आणि शेजारच्या काकूंच्या पिंपातलं शिळं पाणी कळशीने आणायचं. आपण बिनधास्त पितो तेवढ्या क्लोरीननेही माशांचे कल्ले भाजतात, हे मला खूप नंतर कळलं. तुमच्याकडे पाणी बदलण्याआधी काय करता? नळाचं, टँकरचं, बोअरचं, सगळं लिहा.

गच्चीवरचा_वारा
उघडं पिंप, रात्रभर. त्यात एअर पंपाचा दगड सोडला तर क्लोरीन लवकर उडतो. घाई असेल तर अँटिक्लोरीनचे थेंब. त्यात सोडियम थायोसल्फेट असतं, फोटो धुणारे ज्याला हायपो म्हणायचे तेच. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की पालिका क्लोरीन वाढवते, तेव्हा मी दोन्ही करतो.

सातासमुद्रापार
इकडे रात्रभर ठेवून भागत नाही हो. सॅन फ्रान्सिस्कोत २००४ पासून पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनिया जोडून केलेलं) घालतात, ते असं उडून जात नाही. नुसत्या थायोसल्फेटने क्लोरीन जातो पण अमोनिया मागे उरतो. म्हणून अमोनियालाही बांधून ठेवणारं औषध घ्यावं लागतं. परदेशात असाल तर आधी आपल्या शहराच्या पाणीखात्याची माहिती वाचा, मगच मासे आणा.

मोगरा_वेल
आमच्याकडे सासूबाई पिण्याचं पाणी तांब्याच्या हंड्यात भरतात. लेकीने छोटे लाल झिंगे आणले तेव्हा दुकानदाराने बजावलं, तांब्याचं पाणी अजिबात नको. माशांना वाईटच, झिंग्यांना तर विष. सासूबाईंनी स्वतः निळी बादली आणली आणि त्यावर ऑइलपेंटने "मासे" लिहिलं. त्या बादलीला साबण लागू देत नाहीत. मोलकरणीलाही हात लावू देत नाहीत 😄

निवृत्त_मास्तर
सगळे क्लोरीनवरच थांबलात. नव्या टँकमध्ये मासे जातात ते बहुतेक वेळा अमोनियाने. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि मासे वर येऊन तोंड मारत असतात. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. ही वस्ती जमायला ४ ते ६ आठवडे लागतात आणि ती राहते मुख्यतः फिल्टरच्या स्पंजमध्ये. म्हणून स्पंज नळाखाली कधीही धुवू नका, क्लोरीनने सगळी वस्ती मरते. टँकमधून काढलेल्या पाण्यातच तो दोनदा पिळायचा. पाणी चहासारखं निघतं, निघू दे. पुतणीने नवा टँक मांडला तेव्हा मी माझ्या फिल्टरमधला मळका स्पंज कापून ओल्या पिशवीतून तिला नेऊन दिला. भेटवस्तू बघून तिची आई गप्पच झाली! पण तिचे गप्पी पहिल्या दिवसापासून छान आहेत. किटने तपासाल तर अमोनिया ०, नायट्राइट ० हवं.

कुकरची_शिट्टी
काका म्हणजे सगळं पाणी बदलायचं नाही?? आमचा दुकानवाला दर रविवारी पूर्ण रिकामा करून दगडसुद्धा घासा म्हणतो. थांबा भात लागतोय, येतेच

निवृत्त_मास्तर
नाही ताई. आठवड्याला चौथा हिस्सा पुरे. दगड तसेच राहू द्या.

पानवेल
धुराची गाडी! कुणीच कसं लिहिलं नाही? डासांच्या धुरातली आणि मशीनमधली औषधं माशांना फार बाधतात, आणि एअर पंप खोलीतली हवाच ओढून पाण्यात सोडतो. गाडीचा आवाज आला की मी पंप बंद करते, टँकवर ओला टॉवेल टाकते, खिडक्या लावते. धूर विरला की लगेच पंप सुरू. आणि डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे वाटते तीही पालिकाच.

संत्रानगरी
नागपूरचा मे महिना सोसून दाखवा 🙏 २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. त्यात लाइट गेली की संपलं. बॅटरीवरचा छोटा पंप घेऊन ठेवाच. तो नसेल तर मग्याने पाणी काढून वरून धार धरायची, आम्ही भावंडं आळीपाळीने धरतो. बर्फ थेट टाकू नका, गोठवलेली बाटली तरंगत ठेवा.

लोकलप्रेमी
तारापोरवाला मत्स्यालय आठवलं एकदम. १९५१ चं, मरीन ड्राइव्हवरचं. आजोबा तिथून थेट क्रॉफर्ड मार्केटला न्यायचे. मग फुगवलेल्या पिशवीतले मासे मांडीवर घेऊन कल्याण लोकल, आणि अख्खा डबा विचारणार, "कोणता मासा रे बाळा?"

शिंपला
@लोकलप्रेमी आम्हीसुद्धा! घरी आल्यावर पिशवी आधी टँकमध्ये तरंगत ठेवायची, मग थोडं थोडं टँकचं पाणी पिशवीत. तेवढा वेळ आम्हाला धीर नसायचा.

कुकरची_शिट्टी
आले. दगड नाही घासणार. आता सांगा, मुलाला वाढदिवसाला फायटर मासा मिळालाय, काचेच्या बोलमध्ये. तो वरची हवा घेतो म्हणे, मग पंप नको ना?

निवृत्त_मास्तर
पंप नसला तरी चालेल, पण अमोनिया त्यालाही सोडत नाही. बोलमध्ये पाणी कमी, म्हणून विष लवकर साठतं. निदान १५-२० लिटरचा टँक आणि मंद धारेचा स्पंज फिल्टर घ्या. तोवर रोज थोडं शिळं पाणी बदला, खाणं अगदी मोजकं.

पानवेल
आणि झाकण! फायटर उडी मारतो.

कुकरची_शिट्टी
अरे देवा. आता मुलाच्या वहीचा पुठ्ठा ठेवते वर, उद्या जाळी आणते.