किनाऱ्यावरच्या गावातील निसर्गमंडळाने वर्षभर कोणते काम हाती घ्यावे?

शापोराकाठ

सर्वांना नमस्कार. पेडणे तालुक्यातील आमच्या गावात वाचनालयाच्या आधाराने एक छोटे निसर्गमंडळ सुरू झाले आहे. शाळेतील मुले, काही शिक्षक, एक निवृत्त बँक कर्मचारी आणि रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीवर) जाणारे तरुण अशी आमची मंडळी आहे. आतापर्यंत चोडणचे डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य, हणजूणचा खडकाळ किनारा आणि करमळीचे तळे अशा रविवारच्या सहली झाल्या. मुले उत्साहाने येतात, घरी जाऊन पक्ष्यांची चित्रे काढतात, हे सर्व चांगलेच आहे. परंतु प्रत्येक सहलीनंतर आमच्याजवळ छायाचित्रांखेरीज काही उरत नाही आणि पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा एखादे नवे ठिकाण शोधू लागतो.

गावाच्या उपयोगी पडेल आणि मुलांनाही खरोखर काही शिकवील असे वर्षभराचे काम आम्हांला हवे आहे. मंडळातील काहींच्या मते हिवाळ्यात मोरजीला रात्री कासवे पाहण्याचा कार्यक्रम ठेवावा, तर काहींना खाडीकाठी कांदळाची (खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांची) रोपे लावावीत असे वाटते. आमच्यापैकी कोणीही प्राणिशास्त्राचा किंवा वनस्पतिशास्त्राचा पदवीधर नाही. अशा मंडळाने सुरुवात कोठून करावी, याविषयी अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

ओहोटीची वाट

आपल्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे, असे मला वाटते. नवे ठिकाण शोधणे थांबवावे आणि गावापासून पायी जाता येईल असा किनाऱ्याचा एकच तुकडा निवडून वर्षभर तेथेच जावे. पेडण्यात हरमलजवळ खडक आहेत, शापोरा नदीचे मुख आहे आणि खाडीकाठची दलदलही आहे. त्यामुळे दूर जाण्याचे कारणच नाही. पदवी नसण्याची चिंता करू नये. त्याच जागी महिन्या-महिन्याने, त्याच पद्धतीने केलेली नोंद तज्ज्ञाच्या एका भेटीपेक्षा अनेकदा अधिक सांगून जाते.

खडकाळ किनारा घेतल्यास वेळ घड्याळाप्रमाणे न ठरवता तिथीप्रमाणे ठरवावी लागते. आपले मच्छीमार तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला साधारण तीनला भरती, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. गोव्यात ती वेळ या हिशेबापेक्षा थोडी अलीकडे येते, म्हणून नेमक्या वेळेसाठी मुरगाव बंदराचे भरती-ओहोटीचे तक्ते पाहावेत. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती जितकी वर चढते, तितकीच ओहोटीही खोल जाते आणि एरवी पाण्याखाली असणारे खडक तासाभरासाठी उघडे पडतात. या दिवसांतील मोठी ओहोटी आपल्याकडे भल्या पहाटे आणि सायंकाळी येते. ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी पोहोचावे, पाण्याच्या मागोमाग खाली उतरावे आणि पाणी वळले की निघावे.

पद्धत अगदी साधी ठेवता येते. पीव्हीसी नळीची ५० सेंटिमीटर बाजू असलेली चौकोनी चौकट करावी, खडकावर वरपासून खालपर्यंत चार-पाच जागा कायमच्या ठरवाव्यात आणि प्रत्येक भेटीत चौकट तेथेच ठेवून आतील जीव मोजावेत. सर्वांत वरच्या, कोरड्या भागात खडकाच्या भेगांत दाटीने बसलेल्या बारीक गोगलगायी दिसतील. त्याखाली बार्नेकल (खडकाला घट्ट चिकटलेले कवचधारी जीव) आणि कालवे, आणि अगदी खाली, जेथे पाणी क्वचितच हटते तेथे, समुद्रफुले, झोअँथिड (समुद्रफुलांसारखे, समूहाने वाढणारे जीव) आणि सारगॅसमसारखी शेवाळे. हे पट्टे कसे बदलतात हे मुलांना एकाच जागी उभे राहून पाहता येते. नाव ठाऊक नसल्यास ‘तपकिरी, चपटा, बोटाच्या पेराएवढा’ असे लिहिले तरी चालते. नाव नंतर मिळते, परंतु तारीख, तिथी, वेळ आणि जागा नंतर मिळत नाहीत.

दोन नियम मात्र कटाक्षाने पाळावेत. उलटलेला दगड पुन्हा होता तसाच ठेवावा, कारण त्याच्या खालच्या बाजूस चिकटलेले जीव उन्हात थोड्याच वेळात मरतात. तसेच रिकामे शंखही घरी आणू नयेत, कारण संन्यासी खेकड्याला वाढत्या अंगासाठी मोठा शंख शोधावाच लागतो आणि तो त्याला याच खडकांत मिळतो. झोअँथिडला उघड्या हाताने स्पर्श करू नये. त्यांच्या काही जातींत तीव्र विष असते. पावसाळ्यात हा उपक्रम पूर्ण बंद ठेवावा. त्या महिन्यांत सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, जावे. जांभ्यावरच्या ओल्या, पाणथळ जागी उगवणारी सीतेची आसवे आणि दवबिंदू या दोन्ही कीटकभक्षी वनस्पती आहेत, आणि त्या गुडघे टेकून पाहण्याजोग्या असतात.

सुरय

वरील उत्तराशी मी सहमत आहे. कासवांविषयी मात्र मला अधिक कडक बोलावेसे वाटते: रात्रीचा कार्यक्रम ठेवू नये.

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग येथे ऑलिव्ह रिडले माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात अंडी घालण्यासाठी येतात. पाण्यातून वर येणारी मादी माणसांची हालचाल किंवा विजेरीचा झोत दिसताच अंडी न घालता परत फिरते. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि पिल्ले सुमारे ४५ ते ६० दिवसांनी बाहेर पडतात. बाहेर पडलेले पिल्लू ज्या दिशेला उजेड अधिक त्या दिशेला धावते, आणि निर्मनुष्य किनाऱ्यावर ती दिशा समुद्राची असते. जेथे शॅकचे (किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या उपाहारगृहांचे) दिवे पेटलेले असतात तेथे ते उलटे, रस्त्याकडे जाते. हा प्राणी १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा घरट्याला हात लावण्याचा किंवा अंडी हलवण्याचा अधिकार वनखात्याखेरीज कोणालाही नाही.

मंडळाला करण्याजोगे काम पहाटेचे आहे. उजाडताच, माणसांच्या पाऊलखुणा पडण्यापूर्वी, भरतीच्या रेषेने चालावे. मादीचा माग वाळूत स्पष्ट उमटतो: दोन्ही बाजूंना वल्ह्यांसारख्या पायांचे ठसे अलटून-पालटून पडलेले, मध्ये पोट घासल्याची पट्टी, आणि वर जाणारा व परत येणारा असे दोन माग. ते जेथे मिळतात तेथे वाळू विस्कटलेली असते. तेथे न तुडवता दुरूनच खूण लक्षात ठेवावी आणि वनखात्याच्या कर्मचाऱ्यांना तत्काळ कळवावे. छायाचित्र समाजमाध्यमावर टाकू नये. रापणीवर जाणारे तरुण आपल्या मंडळात आहेत, ही फार मोठी जमेची बाजू आहे, कारण पहाटे किनाऱ्यावर सर्वांत आधी तेच असतात.

पक्ष्यांसाठी जानेवारीतील आशियाई पाणपक्षी गणनेत भाग घ्यावा. ती १९८७पासून चालू आहे आणि त्यात हौशी निरीक्षकांच्या नोंदी स्वीकारल्या जातात. नदीमुखावर मोजणी भरतीच्या वेळी करावी. ओहोटीला चिखल्या, तुतारी, कुरव आणि सुरय दूरवर पांगलेले असतात, तर भरतीला ते उरलेल्या वाळूच्या पट्ट्यावर एकत्र येतात आणि मोजणे सोपे जाते.

शापोराकाठ

दोघांचेही मनापासून आभार. रात्रीचा कार्यक्रम आम्ही सोडून देत आहोत. कांदळाची रोपे लावण्याबाबत मात्र कोणी लिहिले नाही. त्यात काही अडचण आहे का? आणि या नोंदी लिहून झाल्यावर द्यायच्या कोणाला?

मानशीचा बांध

रोपे लावण्यापूर्वी जागा ओळखणे आवश्यक आहे. उघडी दिसणारी दलदल रिकामी नसते. निवट्या (चिखलावर सरपटणारे छोटे मासे), एक नांगी मोठी असलेले फिडलर खेकडे आणि स्थलांतर करून आलेले चिखल्या यांचे ते खाण्याचे ठिकाण असते; तेथे रोपे लावल्यास झाडे वाढोत वा मरोत, दोन्ही बाजूंनी त्यांचे नुकसान होते. जेथे भरतीचे पाणी नीट येते-जाते आणि जवळ जुनी झाडे आहेत, तेथे कांदळ आपणहून रुजतो. त्याचे बी झाडावर असतानाच अंकुरते आणि खाली पडून चिखलात उभे राहते. मुलांना लावणीऐवजी हे दाखवावे. तिवर या खाडीकाठच्याच झाडाच्या पानावर उन्हाच्या वेळी मिठाचे बारीक कण साचतात. बोट फिरवून जिभेला लावले की झाड खारे पाणी कसे सोसते, ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट गोव्यातील खाजनांची आहे आणि तिच्याकडे निसर्गप्रेमी मंडळी फारसे लक्ष देत नाहीत, याचे मला वाईट वाटते. खाजन शेत बांधाने खाडीपासून वेगळे केलेले असते आणि मानशीची, म्हणजे बांधातील पाणी ये-जा करण्याच्या वाटेची, लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला आपोआप उघडून आतील पाणी सोडतात. बांध फुटला आणि दुरुस्त झाला नाही की खारे पाणी आत शिरते, भात जाते आणि काही वर्षांत तेथे कांदळ पसरतो. बाहेरून पाहणाऱ्याला ती हिरवळ वाढल्याची आनंदाची गोष्ट वाटते. शेतकऱ्यासाठी ते शेत गेलेले असते. म्हणून प्रत्येक कांदळवनाकडे पाहताना ते नदीच्या मूळ काठावर आहे की बुडालेल्या खाजनात, हे गावातील वयस्कर शेतकऱ्याला विचारून नोंदवहीत लिहावे. आपल्या मंडळाने एकाच मानशीवर वर्षभर लक्ष ठेवले, दारे नीट मिटतात का, आत कोणते मासे आणि पक्षी येतात, बांधावर खेकड्यांची बिळे कोठे वाढली आहेत, एवढे जरी टिपले, तरी ते आपल्या गावाला सर्वाधिक उपयोगी काम ठरेल, असे माझे मत आहे.

नोंदी देण्यासंबंधी: २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. आपल्या वहीची प्रत तेथे द्यावी व पोच घ्यावी. पक्ष्यांच्या याद्या ई-बर्ड या संकेतस्थळावर आणि इतर जीवांची छायाचित्रे आय-नॅचरलिस्ट या संकेतस्थळावर टाकता येतात. तेथे ओळख पटवण्यास जाणकारांची मदतही मिळते. संवेदनशील जीवांच्या बाबतीत नेमके ठिकाण लपवण्याची सोय आहे, ती अवश्य वापरावी. मूळ वही मात्र वाचनालयाच्या कपाटातच ठेवावी आणि पुढच्या तुकडीच्या मुलांना हाताळू द्यावी.